डाव्या कोपऱ्याच्या खेळाडूचा अर्ज

राऊत सरांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि विचारले, "नाना, हे अक्षर तुमचंच ना?"

कागद चार घड्यांचा होता. तरी वर दिसणाऱ्या ओळीवरून मी तो ओळखला. 'विषय : संघात कायम ठेवणेबाबत विनंती.'

"माझेच," मी म्हणालो. "काही त्रुटी निघाली का?"

"त्रुटी कसली. फार चांगला लिहिलाय. मॅनेजरनं मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला आणि जयेशचं नाव रिलीजच्या रकान्यात टाकलं."

पालघरच्या तहसील कचेरीसमोर मी तेवीस वर्षे अर्ज लिहितो आहे. शाळा आठवीत सुटली. पुढचे सर्व शिक्षण कचेरीच्या पायऱ्यांवर झाले, आणि ते कमी प्रतीचे आहे असे मला वाटत नाही. माझा एकही अर्ज भाषेच्या कारणावरून परत आलेला नाही, ही गोष्ट आतले कारकूनही मान्य करतील. त्यामुळे माझ्या अर्जाने एखाद्याचे काम बिघडले, हे मला प्रथम खरेच वाटले नाही.

विषय कबड्डीचा आहे. या खेळाचा धंदा कसा चालतो, हे मलाही त्याच वेळी कळले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने जिल्ह्याच्या लीगमध्ये स्वतःचा संघ ठेवला आहे. राऊत सर त्या संघाचे कोच. ते केळव्याचे. पावसाळ्यापूर्वी सामने संपतात आणि मग जो काळ सुरू होतो, त्याला ही मंडळी ऑफ-सीझन म्हणतात. तेव्हा खेळ बंद असतो, पण खेळाडूंचे भवितव्य त्याच दिवसांत ठरते. प्रत्येक संघाला आपले पाच जुने खेळाडू ठेवून घेता येतात. ते रिटेन झाले. उरलेले रिलीज होतात. रिलीज झालेले आणि चाचणीतून निवडलेले नवे, अशी सर्वांची एक यादी होते. त्या यादीतून संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. गेल्या हंगामात जो शेवटी आला, त्याची पाळी पहिली. याला ड्राफ्ट म्हणतात.

जयेश दांडी गावचा. वय एकोणतीस. चार हंगाम तो संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहत होता. समोरचा गडी चढाईला आला की वाकून त्याचा घोटा धरायचा, हे कोपऱ्यावरच्या माणसाचे काम. संघात असल्यामुळे त्याला कारखान्याच्या पॅकिंग विभागात बारमाही नोकरी होती. रिलीज झाला की ती नोकरीही जाणार होती. घरची होडी थोरल्या भावाकडे होती आणि तिच्यावर माणसे पुरेशी होती. एकोणतिसाव्या वर्षी ड्राफ्टमध्ये कोण उचलणार, हा प्रश्नच होता.

दहा दिवसांपूर्वी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याची बायको मनीषा सोबत होती. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकते. बोलण्याचे काम तिनेच केले.

"नाना, हे कायपन बोलत नाय. आमी आयकलं का पाच जनांनाच ठेवनार. तुमी असं लिवा का वाचनाऱ्याच्या डोल्यात पानी आलं पायजे."

"कोणाच्या नावे लिहायचे?"

"मालकाच्या."

मी विचारपूस सुरू केली. घरात किती माणसे, वृद्ध कोण, आजारी कोण. मग नेहमीचा प्रश्न विचारला. सेवेत असताना काही इजा झाली का?

"गेल्या साली गुडग्यावर पडलं व्हतं," मनीषा म्हणाली.

"ते लिवू नका, नाना," जयेश प्रथमच बोलला. "दोन मॅच बाहेर बसलो. आता काय नाय. बरा हाय."

मी पेन खाली ठेवले आणि त्याला समजावले. अर्जात दुखणे नसेल तर अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. निराधारांची योजना असो, घरकुल असो की बदलीची विनंती असो, साहेबाचा हात थांबतो तो दुखण्यावर. हा माझा तेवीस वर्षांचा अनुभव होता.

"तुला काय कलतं," मनीषा नवऱ्याला म्हणाली. "तू मॅटवर शाना. हितं नानांना बोलू दे."

मग मी लिहिले. 'अर्जदाराने संघाची सेवा करीत असताना गुडघ्यास गंभीर दुखापत होऊन सदर गुडघा कायमचा दुर्बल झाला असून, अर्जदारास अन्य कोणतेही कष्टाचे काम करणे शक्य नाही.' अर्ज वाचून दाखवला, तेव्हा बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या हळहळल्या. जयेश मात्र माझ्याकडे पाहत होता. त्याने सही केली. मी त्याला बजावले, की ऑफिसात देताना आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नकोस. त्याने तेही केले.

राऊत सरांनी तेच वाक्य बोटाने दाखवले. "गुडघा कायमचा दुर्बल. नाना, या माणसाला आम्ही घोटे धरायला उभा करतो."

मी म्हणालो, "दुसरा अर्ज देऊ. पहिल्या अर्जात नजरचुकीने..."

"अर्ज पुरे झाले. शुक्रवारी पाम गावात नव्या मुलांची ट्रायल आहे. मॅनेजर येणार आहे. तुम्ही चला आणि तोंडानं सांगा. यादी सोमवारी जाते."

शुक्रवारी मी टेबल बंद ठेवले. पामला मैदानालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट अंथरली होती. चाळीसएक तरुण आले होते. काही किनाऱ्याचे, काही जव्हार-विक्रमगडच्या डोंगरांतले, दोन-चार कारखान्यांतले हिंदी बोलणारे कामगार. मॅनेजर कुणाल ठाण्याचा, तिशीतला. तो प्रत्येकाची उंची, वजन आणि धावण्याची वेळ लॅपटॉपमध्ये भरत होता. राऊत सरांच्या हातात फक्त नावांची यादी होती आणि ते कधी बरोबरची खूण करत, कधी फुली मारत.

"तुम्ही पकड पाहता का?" मी विचारले.

"पकड सगळ्यांचीच चुकते. चुकल्यावर तो कुठं बघतो ते मी बघतो."

मी लक्ष दिले. एकाची पकड सुटली आणि त्याने सोबत्याकडे रागाने पाहिले. फुली. दुसऱ्याने आमच्याकडे पाहिले. फुली. तिसरा उठला आणि पुढचा चढाईवाला कोण, याकडे पाहू लागला. त्याच्यापुढे बरोबरची खूण झाली. माणूस पारखण्याची ही रीत मला पसंत पडली.

मधल्या सुट्टीत मी कुणालपुढे उभा राहिलो आणि अर्ज माझा असल्याचे सांगितले.

"अंकल, गुडघा कायमचा गेलाय, असं डॉक्टर म्हणाला होता?"

"नाही."

"जयेश म्हणाला होता?"

"त्याने लिहू नका म्हणून सांगितले होते."

"मग लिहिलं कशाला?"

"अर्जात दुखणे लिहिण्याची पद्धत आहे."

त्याने लॅपटॉप मिटला. "तुम्हाला कल्पना आहे, मी किती अर्ज वाचतो? सगळे म्हणतात, मी फिट आहे. मी खोदून खोदून दुखापती शोधतो. आणि तुम्ही मला ती शिक्क्यासकट आणून दिलीत."

"ती खरी नाही."

"मग खेळून दाखवू दे."

राऊत सरांनी बोलावून ठेवलेल्या जयेशला कोपऱ्यावर उभे केले. कुणालने चाचणीतले सर्वांत चपळ तिघे निवडले आणि त्यांना मुद्दाम डाव्या बाजूनेच जाण्यास सांगितले. मनीषा मासळीची टोपली शेडबाहेर ठेवून दाराशी उभी होती. पहिला आत शिरला, तसा जयेश बसला आणि त्याचा घोटा धरला. दुसऱ्याचेही तेच झाले. तिसरा विक्रमगडकडचा, जेमतेम विशीचा. त्याने पाय नुसता दाखवला, मागे घेतला आणि जयेशच्या डोक्यावरून उडी मारून मध्यरेषा गाठली. जयेश पालथा पडला. तोही गुडघ्यावरच.

जयेश उठला, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि पुढचा कोण, ते पाहू लागला.

"चौथा पाठवू?" राऊत सरांनी विचारले.

"नको," कुणाल म्हणाला. "गुडघा ठीक आहे. माझ्यापेक्षा बरा आहे."

मी निःश्वास सोडला. पण कुणाल पुढे म्हणाला, "तरी मला त्याला ठेवता येणार नाही, सर. खेळाडूंच्या फाइली विमावाल्यांकडे जातात. उद्या खरंच काही झालं, तर ते हाच कागद पुढे करतील. खाली सही त्याची आहे."

"अर्ज मागे घेतल्याचा अर्ज दिला तर?" मी विचारले.

"नाना," राऊत सर म्हणाले, "तो अर्जही त्याच फाइलीला लागणार."

हे मला सांगण्याची गरज नव्हती. आवक झालेला कागद परत येत नाही, हे मी स्वतः शेकडो लोकांना सांगितले आहे. डॉक्टरचा दाखला जोडला तरी पहिला कागद तिथेच राहणार होता, आणि मालकाला वादाचा खेळाडू नको होता. सोमवारी यादी गेली. रिटेन झालेल्या पाच जणांत जयेश नव्हता.

मंगळवारी मनीषा एकटीच माझ्या टेबलाशी आली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तुमी तर बोललेले का दुखन्यानं साहेबाचा हात थांबतो."

"थांबला खरा," मी म्हणालो.

"थांबला. आमच्याच नावावर." तिने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. "ड्राफ्टचा कागद हाय. हा पन लिवायचा. राऊत सर बोलले का ज्यानं बिगडवलं त्याच्याकडनंच नीट करून घ्या. पन नाना, आता तुमी कमी लिवा."

फॉर्ममध्ये माहितीसाठी आठ ओळी होत्या. मी चार वापरल्या. नाव, वय, जागा डावा कोपरा. चार हंगाम खेळला. गेल्या हंगामात गुडघ्याला मार लागून दोन सामने बाहेर. त्यानंतरचे सर्व सामने खेळला, डॉक्टरचा दाखला सोबत. एकही विशेषण घातले नाही. असा कागद माझ्या टेबलावरून प्रथमच जात होता आणि मला तो अपुरा वाटत होता.

मनीषाने वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाली, "बास?"

"बास."

"मंग त्या दिवशी एवढा येल काय लिवत व्हते?"

ड्राफ्ट पालघरच्या एका हॉलमध्ये झाला. सहा टेबले, सहा संघ. मी मागच्या रांगेत बसलो. जयेश शेजारी होता. पहिल्याच फेरीत राऊत सरांच्या संघाने विक्रमगडच्या त्या मुलाचे नाव घेतले. जयेशने टाळ्या वाजवल्या. फेऱ्या पुढे सरकत गेल्या. विशीतली मुले एकामागून एक उचलली गेली. आठ फेऱ्यांपैकी सात संपल्या, तेव्हा जयेश म्हणाला, "नाना, चला चा पिऊ."

"बस," मी म्हणालो.

आठव्या फेरीत डहाणूच्या संघाचे कोच उठून राऊत सरांच्या टेबलाशी गेले. हातात फॉर्म होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो मला स्पष्ट ऐकू आला.

"दोन सामने बाहेर बसल्यावर मैदानात आपणहून उतरला, का उतरवावा लागला?"

"आपणहून," राऊत सर म्हणाले. "मीच अजून बस म्हणत होतो."

डहाणूच्या कोचनी परत जाऊन जयेशचे नाव सांगितले. जयेश उठून उभा राहिला आणि आता काय करायचे, ते न कळून तसाच उभा राहिला.

डहाणूच्या संघामागे मोठा कारखाना नाही. त्यांनी त्याला तिथल्या बर्फाच्या फॅक्टरीत कामाला लावून दिले. पॅकिंगची नोकरी सोपी होती, ही तशी नाही. तो आठवडाभर तिकडेच राहतो आणि रविवारी दांडीला येतो. मनीषा बाजारात भेटली की विचारते, "काय नाना, आनखी कोनाला लांब पाठवलंत?" मी तिच्याकडून मासळी घेतो.

माझ्या कामात एक बदल झाला आहे. विषयाची ओळ लिहिण्यापूर्वी मी समोरच्याला विचारतो, की हा कागद वाचणारा मदत देणारा आहे की माणूस निवडणारा. मदत देणाऱ्याला दुखणे सांगावे. निवडणाऱ्याला हजेरी सांगावी. तेवीस वर्षे मी पहिल्याच प्रकारच्या साहेबांसाठी लिहीत होतो आणि सगळे साहेब तसेच असतात, असे समजत होतो.