नुसतं बघायला

“पोराला फेफरं येतं का, येवढंच सांगा!”

“फेफरं? माज्या ज्ञानूला? अवो, त्यो येकदा निजला की दारात ढोल वाजवला तरी उठत न्हाई. फेफरं याया त्याला सवड कुठं हाय!”

“हसन्यावारी नेऊ नगा, सगुनाबाई. दुखनं न्हाई तर नवस कसला?”

“कुठला नवस?”

“घ्या! आता मलाच इचारा. सारी कामथडी बोलतीया, गुंजवन्याची सगुनाबाई पार गोव्याच्या देवीला नवस फेडाया चालली. शेळी हरवली म्हून येवढ्या लांबच्या देवीला कोन साकडं घालत न्हाई. काईतरी मोठं झाल्यालं असनार. आनि तुमच्या घरात मोठं काय, तर येकुलता येक ल्योक!”

कामथडीचे आनंदराव ओसरीच्या अगदी कडेला बसले होते. डोईचा फेटा उतरला नव्हता. समोर ठेवलेल्या गूळपाण्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण सोयरिकीचं भांडण मिटेस्तोवर समोरच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. त्यांची बायको रतनबाई खांबाला टेकून, पदर हनुवटीपर्यंत ओढून, गप बसली होती. आणि सगुणाबाईचा धाकटा दीर गेनबा आढ्याकडं असा बघत होता, जसं काही आजच त्याला तिथं वाळवी दिसली होती.

गेनबाला वर बघायला कारण होतं. नवस ही त्याचीच अक्कल.

पण नवसाच्या आधी सगुणाबाई सांगायला हवी.

गुंजवण्यात तिला ‘बघी’ म्हणत. नांदायला आली त्या वर्षीच हे नाव पडलं. राजगडाच्या सुवेळा माचीवरून ढग खाली उतरताना बघत बसली नि तव्यातली भाकरी कोळसा झाली. भातलावणीला बायकांची रांग पुढं सरकून जायची आणि ही मागं बांधावर, एका पायावर उभ्या बगळ्याकडं बघत, आपणही जवळजवळ एका पायावर उभी. सासू म्हणायची, “हिला देवानं हात दोन दिलं आनि डोळं चार. कामाला आनली, राखनीला लागली.” नवरा मात्र कधी बोलला नाही. गडावर सरपणाला गेले असताना त्यानं एकदा तिला बालेकिल्ल्यापर्यंत नेलं आणि मावळतीला, डोंगरांच्याही पलीकडं, चकाकणारी एक रेघ दाखवली. “त्यो समुद्र म्हनं,” तो म्हणाला. तिनं विचारलं, “खरंच?” तो म्हणाला, “म्हनत्यात.” पुढं हिवतापात तो गेला. ती रेघ पाणी होती की धुकं, हे विचारायला मागं कुणी राहिलं नाही.

गोवा तिच्या आयुष्यात शिरला तो तांदळाबरोबर. दर सुगीला ती आंबेमोहोर घेऊन भोरला श्रीपादराव वकिलांच्या घरी जायची. वकिलांची कुलदेवता गोव्यात, कवळ्याला. त्यामुळं दोनतीन वर्षांनी एकदा त्यांची स्वारी तिकडं जाऊन यायची आणि पुढची दोनतीन वर्षं वकिलीणबाई सौदामिनीबाई त्याच्या गोष्टी सांगायच्या. घरची माणसं ते ऐकून कंटाळली होती. सगुणाबाई कंटाळली नव्हती. तांदूळ एकीकडं आणि ती पायरीवर गुडघ्याला मिठी मारून, “मग पुढं?” म्हणत बसलेली. परत गुंजवण्यात आली की तेच सगळं चिखलात उभ्या बायकांना सांगायची. ज्या बायांनी भोरचा बाजार बघितला नव्हता, त्यांना दूधसागर बघायचा तर आगगाडीत खिडकीशी बसावं, हे पाठ होतं.

यंदा सौदामिनीबाईच म्हणाल्या, “सगुणाबाई, नुसतं ऐकता किती वर्षं? चला आता आमच्याबरोबर. हे अभिषेकाला बसले की मी बोलू कुणाशी? खांबांशी?”

सगुणाबाई घरी आली ती जमिनीवर पाय न टेकता. पाणवठ्यावर तिनं सांगून टाकलं, “म्या गोव्याला बघायला चालले!”

तिथंच चुकलं. आपल्याकडं माणूस ‘बघायला’ जातं ते एक तर बैल, नाही तर दुखणेकरी, नाही तर पोरगी. गोव्याहून कुणी बैल आणत नाही. तिकडं तिचं दुखणाईत कुणी नाही. घरात लग्नाचा पोरगा मात्र होता. झालं! ज्ञानूची आई गोव्याला पोरगी बघायला निघाली, ही बातमी डोंगर उतरून कामथडीला पोचली. आणि ज्ञानूसाठी कामथडीच्या आनंदरावांची शेवंता ठरल्यात जमा होती. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आनंदरावांनी निरोप धाडला, “आमची पोरगी काय वाटंवर पडलीया?”

गेनबा घाबरला. “वैनी, देवाचं नाव घे. नवस हाय म्हन.”

“बोललेच न्हाई त्यो नवस म्हनू कशी?”

“मग वकिलाकडं कामाला चालले म्हन.”

“म्हंजे आनंदरावांचं नाक आनखीन वर. इहीन चाकरीला गेली म्हनतील.”

“मग मावशी मेली म्हन!”

“गोव्यात? माजी मावशी?”

“मेल्याव कोन इचारतंय, कुठली ते!”

सगुणाबाई हसायला लागली, आणि गेनबानं त्या हसण्याला होकार समजून गावभर नवस करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाई नारळ घेऊन आली. “माजा बी येक ठेव देवीपुढं.” तिच्यामागं धोंडाबाई खण घेऊन. मग कोंडिबाची म्हातारी. दोन दिवसांत ओसरीच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग झाला, आणि ढिगाबरोबर उपदेशही. शेवटी म्हातारी म्हणाली, “आनि बघ गं, नवसाच्या मानसानं हिकडं तिकडं बघू ने. नाकाम्होरं जावं, ओटी भरावी, नाकाम्होरं यावं. न्हाई तर नवस बाटतो.”

हातातला नारळ सगुणाबाईनं खाली ठेवला. एवढ्या लांब जायचं, आणि बघायचं नाही!

आणि आज हे आनंदराव, फेफऱ्याचा शोध लावून, ओसरीच्या कडेला.

“तर मग ऐका,” सगुणाबाई म्हणाली. “नवस न्हाई. भावजींनी उठिवलाय.”

गेनबा आढ्याच्या दुसऱ्या टोकाकडं बघू लागला.

“म्हंजे पोरगीच!” आनंदराव उसळले.

“पोरगी न्हाई. म्या नुसतं बघायला चाललेय.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“अवो, पर बघायला म्हंजे काय? जत्रंला जात्यात, लग्नाला जात्यात, मयताला जात्यात. नुसतं बघाया कोन जातं? असं हाय तरी काय तिथं, जे हितं न्हाई?”

हे विचारायला नको होतं. सगुणाबाई उभी राहिली. तिनं पदर खोचला, आणि ओसरीचं रेल्वेचं टेशन झालं.

“गाडी डोंगराच्या कमरंला धरून चालती बघा. येका अंगाला भित्ताड, येका अंगाला दरी. रान असं दाट, की दिस कुठं हाय ते कळंना. आनि येकदम धबाबा! पानी न्हाई, दूध. वर कुनी तरी चरवी कलंडलीया आनि उचलायची इसरलंय. गाडी त्याच्या पार म्होरनं जाती. खिडकीतनं तुषार येत्यात, बाया पोरांची तोंडं पुसत्यात आनि पोरं म्हनत्यात पुसू नगा!”

“आमच्या मढेघाटात पडतं ते काय ताक व्हय?” आनंदराव म्हणाले.

“मग देवीचं देऊळ. म्होरं तळं, आनि दारात दीपमाळ. मजल्यावर मजला, पांढरीधोट, आनि नटल्याली जशी नव्या लुगड्यातली नवरी. जत्रंला वरपातूर दिवं लावत्यात. येक वर आनि येक खाली, तळ्यात.”

“आमच्या बनेश्वराला काय अंधार असतो?”

“असंल उजेड. म्होरं ऐका. जुनं गोवं. तिथं फिरंग्यांची देवळं. आत आपल्या चावडीचा पिंपळ हुबा केला तरी शेंडा लागायचा न्हाई. सबंद भिंत सोन्याच्या मुलाम्याची. आत कुनी बोललं तर आवाज वर जातो, फिरून येतो, मग खाली उतरतो. तवर बोलनारा गप झाल्याला असतो.”

आनंदरावांनी तोंड उघडलं. कामथडीच्या आसपास असं काही आठवेना. त्यांनी ते मिटलं.

“आनि मग,” सगुणाबाईचा आवाज आपोआप खाली आला, “समुद्र. कळंगुटाला. त्याला पल्ल्याड न्हाई. बघावं तितकं पानीच. त्ये येतं, पायापाशी बसतं, पुन्यांदा जातं. जाताना पायाखालची वाळू घिऊन जातं. आपुन हुबं, पर वाटतं आपुनच चाललोय. आनि आवाज थांबत न्हाई. राती न्हाई, दिसा न्हाई. कुनी ऐकत असू दे, नसू दे.”

आनंदरावांनी नकळत तांब्या उचलला आणि पाण्याचा मोठा घोट घेतला. गेनबाच्या ते ध्यानात आलं. तो आढं सोडून खाली आला.

“येवढं पानी,” आनंदराव म्हणाले. “कुनाच्या हद्दीत असतं?”

“कुनाच्याच न्हाई.”

“पाटाचं पानी सोडनारा पाटकरी?”

“न्हाई.”

“सारा?”

“समुद्राला सारा कोन लावंल, पाव्हनं!”

“ऱ्हाऊंद्या. हे समदं तुमी बघितलंत कवा?”

“म्या कुठं बघितलंय?” सगुणाबाई चकित होऊन म्हणाली. “ऐकल्यालं हाय. म्हून तर चाललेय.”

आनंदराव हसू दाबायला गेले, आणि ते मिशीतून निसटलंच. पण लगेच त्यांनी मान हलवली. “माजं काय म्हननं न्हाई. मला पटलं. पर भावकीला काय सांगू? नवस म्हनावं तर पोरात खोट. बघायला गेली म्हनावं तर माज्या पोरीत खोट. तुमी जाल समुद्रावर, बुडनार आमी हितं.”

ते खोटं नव्हतं. सगुणाबाई खाली बसली. शेवंता तिनं नदीवर धुणं धुताना पाहिली होती. पोरगी धुणं टाकून पाण्यातला मासा बघत बसली होती, आणि तिथंच सगुणाबाईनं मनात तिला सून केली होती. आणि तिचं नाव निघालं की ज्ञानूच्या मनातलं त्याचं तोंडच सांगायचं. तिनं कोपऱ्यातल्या नारळांकडं बघितलं, मग अंगणापलीकडं, जिथं गडाचा कडा उन्हात उभा होता.

“तुमी म्हनत असाल तर न्हाई जात,” ती म्हणाली. “पोराचं मोडून बघायचं तर काय दिसनार हाय मला! पर जाईन तर खोटं सांगून जानार न्हाई. देवीच्या नावानं तर न्हाईच न्हाई.”

आनंदराव फेट्याचा शेव चाळवत बसले.

“निघायचं कधी हाय?” खांबाकडून आवाज आला.

सगळ्यांनी तिकडं बघितलं. रतनबाईला आवाज आहे, हे सगळे विसरले होते.

“अमुशा झाली की दुसऱ्या दिशी,” सगुणाबाई म्हणाली. “वकिलांच्या कोर्टाला तवा सुट्टी लागती.”

“म्हंजे पौषात,” रतनबाई म्हणाली. “पौषात पोरगी बघाया कोन जातं का? भाकड म्हैना. वरात काढत न्हाईत, सुपारी फोडत न्हाईत. पौषात बघाया गेली म्हंजे पोरगी सोडून दुसरं कायबी बघाया गेली.”

आनंदरावांनी फेट्याचा शेव सोडला.

“म्या मघाधरनं तेच म्हनतोय!” आनंदराव मांडीवर थाप मारून गरजले. “तुमी ऐकूनच घेत न्हाई! सांगतो भावकीला. ‘पौषात गेलीया रं, पौषात! पोरगी कुठं दिसायची?’ जावा तुमी बेलाशक. माघ लागायच्या आत या, म्हंजे सुपारी फोडू.” आणि त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी संपवून फेटा उतरवला. गेनबा आत ओरडला, “ज्ञानू, गूळ आन रं आनखी!”

सगुणाबाई सरकत खांबापाशी गेली आणि रतनबाईच्या हातावर हात ठेवला. रतनबाईचा हात गार होता. पदर हनुवटीवरून खाली आला होता.

“येक इचारू, इहिनी?” रतनबाई हळूच म्हणाली. “त्या दुधापाशी गाडी थांबती, का तशीच जाती?”

“हळू व्हती म्हनत्यात. मला काय ठावं.”

“आनि तुमच्या डब्यात जागा किती असती?”

आनंदरावांनी गुळाचा खडा तोंडाशी नेला होता. तो तिथंच राहिला. “का गं? तुला कशाला पायजे जागा? तुजं कोन हाय गोव्यात?”

रतनबाई उठली. लुगड्याच्या निऱ्या तिनं एकदा नीट केल्या.

“अगं, म्या काय इचारतोय?”

त्यांच्याकडं न बघता ती ओसरीची पायरी उतरून अंगणात गेली आणि गडाच्या कड्याकडं नुसती बघत उभी राहिली.