एक्झॉस्टच्या बाजूचा तिसरा टॅपेट

पप्पांच्या बोटांना कळेनासं झालंय हे मला त्यांच्या आधी कळलं होतं, आणि बरेच महिने मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही.

उंब्रजला सर्व्हिस रोडवर त्यांचं गॅरेज आहे आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. रविवारी सुट्टी असली की खाली जाते. गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं. हेड कव्हर काढलं की सगळे इंजिनात बघायला लागतात, माझ्याकडं कोणी बघत नाही.

पप्पांचं नाव आहे ते टॅपेट सेटिंगसाठी. दोन कॅमशाफ्टच्या गाडीत ते काम किचकट असतं. प्रत्येक व्हॉल्व्हवर पोलादाची एक उपडी वाटी असते, तोच टॅपेट; तिच्यावर कॅमचं नाक फिरतं. नाक वर असताना कॅम आणि वाटी यांच्यात केसाएवढी फट राहायला हवी. ती फिलर गेजच्या पातीनं मोजतात; गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांचा जुडगा. पाती सरकवायची आणि ओढून बघायची. सहज सुटली तर सैल, अडली तर घट्ट, किंचित धरून आली तर बरोबर. हे ‘किंचित’ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळावं लागतं. आणि फट चुकीची निघाली तर स्क्रू पिळून भागत नाही. चेन उतरवून अख्खा कॅम काढायचा, वेगळ्या जाडीची वाटी घालायची, परत सगळं जोडायचं. त्यात दिवस मोडतो. म्हणून मोजणाऱ्याच्या शब्दावर सगळं अवलंबून असतं, आणि आमच्या भागात पप्पांचा शब्द चालायचा.

पप्पांना शुगर आहे. हिवाळ्यात पायांची आग व्हायला लागली म्हणून मी त्यांना सांगलीला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय तपासले, मग हात पुढं करायला सांगितले. डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांना कापूस टेकवला आणि विचारलं, लागतंय का. पप्पा दर वेळी ‘व्हय’ म्हणत होते. मग डॉक्टरांनी कापूस बाजूला ठेवला आणि नुसतंच विचारलं. तेव्हाही ते ‘व्हय’ म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि भाजण्या-कापण्याला जपायला सांगितलं. परतताना आष्ट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या. पप्पा त्यांच्यावर चिडत गाडी चालवत राहिले आणि मी हेडफोन लावले.

त्यानंतर ते चहाला वर गेले की मी त्यांनी मोजलेल्या फटी परत मोजायला लागले. बहुतेक बरोबर निघायच्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं असेल, मनगटाच्या अंदाजानं असेल. बरोबर निघाल्या की बरं वाटायचं आणि चोरून तपासल्याची लाजही वाटायची. पण त्यांच्याशी बोलण्यापेक्षा चोरून तपासणं मला सोपं होतं.

कोयनानगरचे एक काका आहेत, पप्पांच्याच वयाचे, घाटात प्रवासी गाडी चालवतात. मी युनिफॉर्म घालून शाळेच्या बसची वाट बघत उभी असायचे तेव्हापासून आमच्याकडं येतात. त्यांची गाडी सीएनजीवर चालते, आणि अशा गाडीत एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या, बाजूची फट हळूहळू कमी होत जाते. सैल टॅपेट टिकटिक करतो, तो कोणालाही ऐकू येतो. घट्ट टॅपेटचा आवाजच येत नाही. गाडी छान चालते आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसल्यामुळे जळत जातो. मग एक दिवस भरल्या गाडीनिशी घाटात दम सुटतो.

फट मोजायला इंजिन थंड लागतं, म्हणून काकांनी गाडी आदल्या दिवशीच आणून लावली होती. रविवारी सकाळी ते एसटीनं आले आणि स्टूल ओढून बसले. मी पाना लावून इंजिन फिरवत होते. पप्पा एकेक टॅपेट मोजत ‘बरोबर हाय’ म्हणत पुढं सरकत होते. एक्झॉस्टच्या बाजूचा तिसरा आला. पाती आत जाताना वाकली. मला समोरून स्वच्छ दिसलं. पप्पांनी ती रेटली, ओढली आणि म्हणाले, “बरोबर हाय.”

मी ठरवलं की हे चहाला गेले की बघू. पण उरलेले टॅपेट मोजून झाल्यावर ते चहाला गेले नाहीत. मला कव्हर आणायला सांगितलं आणि काकांना म्हणाले, तासाभरात गाडी घेऊन जा.

एरवी माझा आवाज दोन फुटांवर जात नाही. त्या दिवशी तो शेडभर गेला.

“पप्पा, तिसरा घट्ट आहे. तुम्हाला कळलं नाही.”

पहिलं वाक्य गरजेचं होतं. दुसरं नव्हतं.

पप्पांनी गेज माझ्यापुढं धरलं. मी मोजलं. दोन नंबरांनी पातळ पातीसुद्धा अडत होती. काका उठून इंजिनात डोकावले आणि हसले. “मग आता पाटी बदल रं गड्या. लेकीचं गॅरेज म्हणून लिव्ह.”

काकांनी ते कौतुकानं म्हटलं होतं.

“बदलू की,” पप्पा म्हणाले आणि चेन उतरवायला वाकले. कॅम काढणं, वाटी बसवणं, टायमिंगच्या खुणा जुळवणं, सगळं त्यांनीच केलं, आणि त्यात तसूभरही चूक नव्हती. मोजायची वेळ आली की मात्र बाजूला सरकून मला जागा द्यायचे. काका संध्याकाळी गाडी घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यापासून ते दोन कॅमच्या गाड्या परत पाठवायला लागले. जिन्यातून मला त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. “आमी ते करत न्हाई आता. कराडला दाखवा.” आईनं कारण विचारलं तर म्हणाले, डोळ्यांना झेपत नाही. मी ताटात बघत राहिले. सांगलीहून परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा मी बोलले असते तर ऐकायला तिसरं माणूस नव्हतं.

एका संध्याकाळी मी खाली गेले आणि त्यांच्याकडं न बघता, कॉम्प्रेसरकडं बघत, जे शोधून काढलं होतं ते सांगितलं. एका पातीच्या ओढीवर अवलंबून राहायचं नाही. दोन पात्या घ्यायच्या, एक पातळ, एक जाड. पातळ गेली पाहिजे, जाड जाता कामा नये. मग बोटांना फारसं काही कळावं लागत नाही.

पप्पा बराच वेळ हात पुसत होते.

“आंधळ्याला काठी देतीस व्हय?”

“देते,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी आमचीच गाडी आत घेतली आणि मला पाना धरायला सांगितलं. दोन्ही पात्या बाहेर काढून ते मोजायला लागले. पातळ घालून बघायची, मग जाड. पूर्वी जे काम चहा निवायच्या आत व्हायचं, त्याला सकाळ गेली. मी इंजिन फिरवत राहिले आणि पात्यांकडं मुद्दाम बघितलं नाही.

एका ठिकाणी ते थांबले. पातळ पाती परत घातली, परत काढली. मग गेज माझ्याकडं केलं.

“हे मला कळंना. तू बघ.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं, की हे वाक्य त्यांना घरी, माझ्या एकटीसमोर, केव्हाच म्हणता आलं असतं. मी नुसतं विचारायला हवं होतं.

मी पाती सरकवली आणि ओढली. शेडमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मी जवळ जाऊन हळूच सांगितलं.

“घट्ट आहे.”

“बरं,” म्हणून पप्पांनी पाना मागितला.