आत्याने शिजवलेलं पीठ

माझ्या नणंदबाईंची पावाची भट्टी आहे, आमच्या घराच्या खालीच. बाई हाताने झटपट, तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाने पाव दाबून पाहिला की विचारतात, "तुमचे गाल मी दाबते का?" पण आतून जरासा ओलसर राहिलेला पाव त्या फुकटसुद्धा कुणाला देणार नाहीत. कच्चं काही कुणाच्या पोटात गेलं, तर त्यांना पाप केल्यासारखं वाटतं.

आणि आमच्या मुंगीला नेमकं कच्चंच लागतं.

मुंगी म्हणजे माझी लेक. तुमच्या-माझ्या यकृतात साखर मण्यांसारखी ओवून, फांद्याफांद्यांनी साठवलेली असते. दोन जेवणांच्या मधे शरीर त्यातले मणी सोडवून रक्तात पाठवतं. मुंगीच्या यकृतात साठा होतो, पण तिथून साखर बाहेर सोडणारं एंझाइमच नाही. कोठार भरलेलं आणि पोर उपाशी! खायला जरा उशीर झाला की रक्तातली साखर धाडकन खाली येते. म्हणून तिला ठरलेल्या वेळी थंड पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर द्यायचं. त्यातही साखरेच्याच लांब माळा असतात, त्या पोटात हळूहळू तुटतात आणि पुढच्या वेळेपर्यंत पुरतात. हे सगळं मी नणंदबाईंना, म्हणजे ताईंना, समजावलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती.

तिच्या आजारपणात माझी चष्म्याच्या दुकानातली नोकरी सुटली होती. मालकांनी परत बोलावलं, तेव्हा मुंगीला ताईंकडे सोपवून मी गेले. पहिल्याच दिवशी दुपारी भट्टीत येऊन बघते तर काय, पोर पिठाच्या पोत्यांवर आडवी, पांढरीफटक, घामाने चिंब. मी तिच्या तोंडात ग्लुकोजचं पाणी घातलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडून "आई" म्हटलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"काय दिलंत हिला?"

"तू सांगितलंस तेच. वेळेवर दिलं गं." ताई पदराने मुंगीचा घाम पुसत म्हणाल्या. "फक्त जरा शिजवून दिलं. कच्चं पीठ लेकराला कसं पाजू?"

माझं डोकंच फिरलं. मी वाट्टेल ते बोलले. एरवी एकाला दहा ऐकवणारी बाई, त्या दिवशी नुसती मुंगीचे पाय चोळत बसली.

त्यानंतर ताई वर यायच्या बंद झाल्या. मुंगी खाली जाऊन पदर ओढायची, तर म्हणायच्या, "नको गं राणी, आत्याचा हात वाईट आहे." इकडे मी पुन्हा घरी बसले होते. मालक म्हणाले, येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरं माणूस बघतो. मुंगीला सांभाळायला दुसरं होतंच कोण? आणि खरं सांगू का, मला दुसरं कुणी नकोच होतं.

तपासणीच्या दिवशी मी ताईंना जवळजवळ ओढतच आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एका पेल्यात कच्चं कॉर्नफ्लोअर कालवलं, दुसऱ्यात शिजवून गार केलेलं घातलं आणि दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकले. पिठाच्या माळा शाबूत असल्या की आयोडीनने निळा रंग येतो; दोन्ही पेले निळेशार.

"आता दोन्हींत थुंका," त्या ताईंना म्हणाल्या.

"अगं बाई! दवाखान्यात?"

"मी थुंकू? मी थुंकू?" मुंगी नाचायला लागली. शेवटी दोघीही थुंकल्या.

थोडा वेळ गेला. शिजवलेल्या पेल्यातला निळा रंग फिका होत होत निघून गेला. कच्च्यातला तसाच.

"लाळेनं शिजलेल्या पिठाच्या माळा भराभर तोडल्या," बाई म्हणाल्या. "शिजलं की दाणा फुगून मोकळा होतो. साखर एकदम चढते आणि एकदम संपते. कच्चा दाणा घट्ट असतो, सावकाश सुटतो. पावाला शिजवणंच बरोबर. हिला नाही."

ताई निळा पेला उचलून न्याहाळू लागल्या. मग तोंडाला पदर लावून रडल्या. "चांगलं करायला गेले गं मी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. माझेही डोळे भरून आले होते.

सोमवारी मी मुंगीला घेऊन भट्टीत गेले. "ताई, मी कामावर चालले. ही तुमच्याकडे."

"परत माझ्याकडे?" त्यांचा चेहरा उतरला. "आणि पुन्हा काही झालं तर?"

"काय चुकतं ते आता तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" असं म्हणून मी निघाले. मागे वळून पाहिलं असतं, तर पाय निघाला नसता.

दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं. जवळचा चष्मा लांबच्याला आणि लांबचा जवळच्याला देत होते. संध्याकाळी धावतच आले, तर भट्टीसमोर ही गर्दी! आणि ताई सगळ्यांवर खेकसत होत्या, "थांबा हो! आधी माझ्या पोरीचं पीठ, मग तुमचे पाव." थंड पाण्यात चमचा खळखळा फिरला, मुंगीने पेला तोंडाला लावला. मी तिच्या रक्तातली साखर तपासली. अगदी छान होती.

मी मुंगीला कडेवर घेतलं आणि जिन्याकडे वळले.

"ए, ऐक," ताई मागून दरडावून म्हणाल्या. "उद्या वेळेवर आण हिला. उशीर केलास तर मीच वर येऊन घेऊन जाईन."