तिच्या झोपेचं उत्तर मी दिलं

हे मी पोरीलासुद्धा सांगितलं न्हाई. माझी बायको अनुसया गेली तवा लोक म्हनले, म्हाताऱ्यानं बाईचं लई केलं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. केलं — पण काय केलं, ते मलाच ठाऊक.

भूकंपात गावाकडचं घर बसलं. लातुरात आलो, क्लासच्या पोरांचे डबे सुरू केले. ती रांधायची, मी सायकलीवर पोचवायचो. क्लास वाढले, तसे डबे वाढले.

मग तिची पाळी गेली. अन् झोपबी गेली. अंगातून वाफा निघायच्या, चोळी भिजायची, उठून ओसरीत येरझाऱ्या घालायची. मी म्हनायचो, "भूकंपातबी एवढी जागली न्हाईस. आता कशाचं भ्या?" वर हसायचो. सकाळी डोळे उघडे राहावेत म्हनून ती गोड चहावर चहा ढोसायची. पोट सुटलं, तहान वाढली. माझी झोपमोड होते म्हनून मी तिची बाज सैपाकघरात नेऊन टाकली. पण सांगायचं ते हे न्हाई. हे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघितलंच.

गुडघे दुखतेत म्हनून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं तिलाच इचारलं, "मावशी, झोप कशी लागते?" तिनं पदर सावरला, तोंड उघडलं — अन् मी मधीच बोललो.

"झोप? आवो, घोरते ती. मलाच झोपू देत न्हाई."

बाई हसली. गुडघ्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

का बोललो मी? पाळीचं निघंल, लाज वाटंल म्हनून? तेबी होतं. पण खरं सांगू — बाईनं आराम सांगितला असता, तर डबे कोण करणार होतं?

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हनली, "मी घोरते व्हय?" मी रिक्षा बघत होतो.

पायाची जखम भरंना तवा साखर निघाली. तवर किडनी गेली होती. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हनले, पाळी गेल्यावर बाईची झोप तुटली, वजन चढलं, तर साखर तपासून घ्यावी. मग तिला इचारलं, "आजी, झोप कधीपासून न्हाई?"

खाटेवरून तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यांना इचारा. माझं तेच सांगतेत."

डॉक्टर माझ्याकडं वळले.

मी म्हनलो, ठाऊक न्हाई.