त्रिवेणी बोलायला लागली

अंबरपेठला आमच्या घराच्या खालच्या खोल्यांत प्रशांत, त्याची आई गंगूबाई आणि बायको त्रिवेणी भाड्याने राहत. त्रिवेणी उदगीरची. ती लग्न होऊन आली तेव्हा आम्हाला आधी तिचा आवाज ओळखीचा झाला, चेहरा नंतर. तेलुगू येत नसताना ती भाजीवाल्या यादम्माशी फाटकात उभी राहून खूप वेळ बोले. हात, भुवया आणि उदगिरी मराठी एवढ्यावर तिचं भागत असे. जिन्यावरून जाणाऱ्याला ती थांबवी. माझी बायको विमल म्हणायची, "ही भिंतीशीसुद्धा बोलेल."

मुलगा केदार झाल्यावर त्रिवेणी गप्प होत गेली. आम्हाला वाटलं, जागरणं असतील, थकवा असेल. कारण वेगळंच होतं.

प्रशांत मराठी शाळेत शिकून बी.कॉम. झालेला, कामाला चोख. त्या वर्षांत शहरात नव्या कंपन्या येत होत्या. तशा एका कंपनीत तो मुलाखतीला गेला. उत्तरं सगळी माहीत होती, पण इंग्रजीत तोंडातून निघाली नाहीत. जागा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका पोराला मिळाली. परत आल्यावर जिन्यात बसून बूट काढता काढता प्रशांत मला म्हणाला, "काका, माझं झालं ते झालं. पोराचं असं होऊ देणार नाही."

केदार रांगू लागला तसा घरात नियम आला : बाळाशी फक्त इंग्रजी. नर्सरीच्या प्रवेशाला आईबापांनाही इंग्रजीत प्रश्न विचारत, त्यामुळे गल्लीत कोणाला हा नियम वावगा वाटला नाही. केबल घेतली आणि इंग्रजी कार्टून सुरू झाली. त्रिवेणीने नियम मनापासून पाळला. तिच्याजवळ शब्द मोजके होते. कम, सिट, ईट, नो, डोन्ट टच. आपलं काही चुकलं तर बाळ चुकीचं शिकेल या धास्तीने ती त्यापलीकडे जात नसे. गंगूबाईंना तेवढंही येत नव्हतं. त्या नातवाला मांडीवर घेऊन नुसत्या डोलत. खालून दिवसभर टीव्हीचाच आवाज येई.

केदार दीड वर्षाचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नुसतं बोट दाखवायचा आणि मिळालं नाही की डोकं आपटायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली. गंगूबाईंनी नवस बोलला. शेवटी दोघं नवराबायको त्याला कोठी भागातल्या मुलांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्रिवेणीला धीर म्हणून विमलही गेली. तिथे काय झालं ते विमलने सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं, कानाची चाचणी करवली. म्हणाले, "कान बराबर हैं." मग पेन खाली ठेवून विचारलं, "घर में इससे बातां कौन करते?"

प्रशांत म्हणाला, "सब लोगां करते, साब. ओन्ली इंग्लिश."

डॉक्टर त्रिवेणीकडे वळले. "आज सुबह से क्या क्या बोले अम्मा, तुम इसको?"

तिने आठवून सांगितलं. "कम. ईट. नो." जरा थांबली. "नो."

"बस?"

"बस."

"इत्ता तो ट्रॅफिक पोलीस भी बोलता," डॉक्टर म्हणाले. "बच्चे को हुकुम नक्को, बातां होना. तुमकू जिस जबान में हँसी आती, उस में बोलो."

परतीच्या बसमध्ये प्रशांत खिडकीबाहेर बघत होता. त्रिवेणी रडेल असं विमलला वाटलं होतं. पण सुलतान बाजारापाशी बस गर्दीत अडकली, तेव्हा तिने केदारला खिडकीशी उभं धरलं आणि बोलायला सुरुवात केली, ती मराठीत. "ते बघ, त्या मामाच्या डोक्यावर बादल्या किती! पडतात बघ आता... पडल्या, पडल्या... नाही पडल्या की रे!"

"अगं, लोक बघतायत," प्रशांत म्हणाला.

"बघू द्या. आम्हीपण त्यांनाच बघतोय."

घरी आल्यावर वाद झाला. उन्हाळ्याचे दिवस, दारं उघडी. शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

"किती दिवस हे चालायचं?" प्रशांतने विचारलं.

"तो बोलेपर्यंत."

"आणि प्रवेशाचं काय?"

"मुक्याला कोण प्रवेश देणार आहे?"

"त्रिवेणी, त्याचं माझ्यासारखं होईल."

 ती म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी पाहिजे ना? मी आडवी येत नाही. तुम्ही बोला त्याच्याशी. मला येत नाही, तुम्हाला येतं. पण हुकूम नाही सोडायचे. गप्पा मारायच्या, खेळायचं."

प्रशांत हट्टाला पेटला. रविवारी सकाळी ओसरीवर चेंडू घेऊन बसला. मी तिथेच पेपर वाचत होतो. "धिस इज बॉल," तो म्हणाला. "टेक बॉल. गिव्ह बॉल." केदारने दिला. "व्हेरी गुड." पुन्हा तेच. आणखी थोड्या वेळाने त्याचं इंग्रजी आटलं. कपाळाचा घाम पुसून त्याने पोराला सांगितलं, "काइंडली थ्रो द बॉल."

तो सूर ऐकून गंगूबाई आतून म्हणाल्या, "काय रे, साहेबाला अर्ज करतोस का?"

तेवढ्यात चेंडू निसटला आणि ओसरीवरच्या कॉटखाली गेला. प्रशांत पालथा झाला आणि त्याच्या नकळत ओरडला, "अरे गेला की! गेला गेला गेला! कुठं गेला रे?" केदारही त्याच्याशेजारी आडवा पडला आणि खदखदून हसू लागला. हात घालून प्रशांतने चेंडू काढला. "आला!" मग त्याने स्वतःच तो परत आत ढकलला.

त्रिवेणी दारात उभी होती. तिने टोमणा मारला नाही. आत जाऊन तिने टीव्ही बंद केला, आणि तो दिवसाउजेडी पुन्हा लागला नाही.

त्यानंतर तिने कामाला धरून बोलायचा क्रमच बांधला. कपडे घडी करताना, "ही बाबांची बनियन, केवढी मोठी. हे तुझं झबलं. हे आजीला होईल का?" स्वयंपाकघरात ती पातेली आणि झाकणं जमिनीवर पसरी. कोणतं झाकण कुणाचं, हे तो लावून बघे आणि ती मुद्दाम चुकीचं लावून "नाही बसत गं बाई" म्हणे. वाटीखाली लिंबू लपवून "गेलं", वाटी उचलून "आलं". फाटकात यादम्मा तेलुगूत लाड करी, नाक्यावरचा दूधवाला दख्खनी हिंदीत चिडवी. त्रिवेणीने कुणालाच अडवलं नाही.

आठवडे गेले, शब्द नाही. त्रिवेणीची नणंद ज्योती सुट्टीला आली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, भिंतीशी बोलल्यासारखं वाटत नाही का तुम्हाला?"

"भिंतीशी बोलून झालंय माझं," त्रिवेणी म्हणाली. "हा भिंत नाही. हे बघ." तिने केदारला विचारलं, "दुधाच्या पातेल्याचं झाकण कुठाय?" आणि गप्प बसली. ज्योती काही बोलणार, तिला हाताने थांबवलं. केदारने इकडेतिकडे बघितलं, ढिगातून एक झाकण ओढलं आणि आईला दिलं. "मी बोलते, मग थांबते," त्रिवेणी म्हणाली. "तेव्हा त्याची पाळी असते. आज हातानं बोलला, उद्या तोंडानं बोलेल."

प्रशांत मात्र खचत चालला होता. एकदा मला म्हणाला, "काका, ना इंग्रजी ना मराठी. मी चुकलो की ती चुकतेय, काही कळत नाही." पण संध्याकाळी आल्यावर चेंडू कॉटखाली ढकलायचं त्याने सोडलं नाही.

पावसाळा संपत आला होता. सकाळी प्रशांतने स्कूटर काढली आणि तो वळणावर दिसेनासा झाला. मी फाटकात होतो. त्रिवेणीच्या कडेवरून केदार रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. ती नेहमीसारखं विचारून थांबली, "बाबा कुठं?"

"गेला," केदार म्हणाला.

मी मागे धावून प्रशांतला थांबवायला निघालो. त्रिवेणी म्हणाली, "राहू द्या काका. संध्याकाळी त्याचं तोच सांगेल." दिवसभर तिने कुणाला काही सांगितलं नाही, गंगूबाईंनासुद्धा नाही. कामाबरोबरचं तिचं बोलणं मात्र दुप्पट चढ्या आवाजात चाललं होतं.

संध्याकाळी ती त्याला घेऊन फाटकात उभी राहिली. स्कूटर वळली, दिवा दिसला. त्रिवेणीने तोंड उघडलं नाही. केदारने बोट पुढे केलं.

"बाबा आला."

प्रशांतने स्कूटर बंद केली. स्टँड न लावताच उतरायला निघाला तशी ती कलंडली, मी धरली.

"बापाला आले म्हणावं," गंगूबाई ओसरीवरून म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"म्हणेल नंतर, आत्याबाई," त्रिवेणी म्हणाली. तिने केदारला प्रशांतच्या हातात दिलं. "आता विचारा त्याला काय विचारायचं ते. इंग्रजीत विचारलंत तरी चालेल. फक्त विचारून थांबा."

प्रशांत पोराला घेऊन पायरीवर बसला.  त्याने विचारलं, "चेंडू कुठाय रे?" आणि थांबला.