शेगडीकडे पाठ

बेकरीत त्याला सगळे नाकोबा म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. सव्वीस वर्षं तो भट्टीवर होता. पाव झाला की नाही हे बघायला त्यानं कधी भट्टीचं दार उघडलं नाही. पार दुसऱ्या टोकाला चहा पीत बसलेला असला तरी मध्येच कप खाली ठेवायचा, "काढा," म्हणायचा, आणि पाव निघायचा तो नेमका बदामी. मालकीणबाईंनी एकदा घड्याळ लावलेली नवी भट्टी आणायचं मनावर घेतलं, तेव्हा यानंच ते हाणून पाडलं. "बाई, घड्याळाला नाक असतं का?" बाई इतक्या हसल्या की भट्टीचा विषयच मागे पडला.

आता तसलं घड्याळ मिळालं असतं तर त्यानं त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं असतं.

चार महिन्यांपूर्वी ताप आला, आठ दिवसांत गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे. मग त्यानं चोरून कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, स्वतःचा बनियन हुंगला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल कदाचित. नाहीही येणार." हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. खिशातल्या घड्याळाकडे चोरून बघत तो पाव काढू लागला. दोनदा अख्खी खेप करपली. एकदा खापर पिठावर फोडलं, एकदा ओल्या लाकडांवर. भट्टीवाल्याला वास येत नाही हे कळलं तर त्याला भट्टीवर ठेवणार कोण? आणि भट्टी सोडून त्याला दुसरं येत तरी काय होतं?

वर्षातून एक दिवस भट्टी साफसफाईसाठी बंद असे. त्या दुपारी मागच्या अंगणात घरच्यांसकट सगळ्यांचं जेवण व्हायचं आणि शेवटी नाकोबाची फळं. शेगडीवर जाळी ठेवायची, तिच्यावर अननसाच्या चकत्या मांडायच्या, आणि यानं शेगडीकडे पाठ करून डोळे मिटून उभं राहायचं. फळातली साखर तांबूस व्हायला लागली की वास पालटतो. त्या क्षणी हा गर्रकन वळायचा आणि चिमट्यानं पटापट चकत्या उलटायचा. एकही करपलेली नसे. लोक टाळ्या पिटायचे. हा थाट आपण सुरूच का केला, म्हणून यंदा तो स्वतःला शिव्या घालत होता.

नाही म्हणायची सोय नव्हती. पाठ दुखतेय म्हणून पाहिलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, "पाठीनं थोडंच हुंगायचंय?" मग बायको बाजारात गेली की घरी चोरून तालीम. एका बाजूला बरोबर दोनशे चाळीस आकडे मोजायचे. पाच वेळा केलं, पाचही वेळा जमलं. तेवढाच त्याला धीर आला.

पण मालकीणबाईंच्या सुनेनं या वेळी, सगळ्यांना आवडेल म्हणून, चकत्यांना मध चोपडला होता. जाळीवर त्या ठेवल्याही तिनंच, आणि नाकोबा तेव्हा आधीच डोळे मिटून उभा होता. मध केवढ्या लवकर जळतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त मध लावलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शंभरपर्यंत लोक बोलत होते. एकशे वीसला हसणं थांबलं. एकशे पन्नासला कुणीतरी खोकलं. वारा बाजूचा होता, धूर त्याच्या अंगावर आला नाही. शांतता पसरली तसा तो सुखावला. दरवर्षी याच वेळी सगळे श्वास रोखून बघत असत. त्यानं ऐटीत एक बोट वर केलं.

"घाई नको," तो म्हणाला. "अजून वास सुटला नाही."

मग अगदी जवळून मालकीणबाईंचा आवाज आला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?" म्हणत त्यानं डोळे उघडले. शेगडीकडे कुणीच बघत नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. तो वळला. जाळीवर सगळ्या चकत्यांचा कोळसा झाला होता.

"मी मध लावला होता," सून रडवेली होऊन म्हणाली. "माझंच चुकलं."

"हां, मध! मधानंच घोटाळा केला बघा," तो घाईघाईनं म्हणाला.

"चार महिने झाले," त्याची बायको मालकीणबाईंना म्हणाली. "ताप उतरला तेव्हापासून. दूध उतू जाऊन करपलं, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. आपणहून सांगतील म्हणून मी गप्प राहिले."

त्याला बायकोकडे बघवेना. मालकीणबाईंनी त्याच्या हातातला चिमटा हळूच काढून घेतला. "उद्या तुम्ही काउंटरवर बसा," त्या म्हणाल्या. "भट्टीचं बघू आपण." त्या रागावल्या असत्या तर तो भांडला तरी असता.

सुनेनं जाळी पुसून नव्या चकत्या टाकल्या. तो पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं सगळ्यांच्या माना एकदमच शेगडीकडे वळल्या, आणि तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिला.