अकरा लायक माणसं

पेन्सिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या बाटल्यांच्या कारखान्यात व्हेरा हुडाक एकोणीस वर्षं दुसऱ्या पाळीवर बाटल्या खोक्यांत भरत होती. यंदा तिनं युनियनच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला, आणि तो उभ्या उभ्या परत आला.

"दोन वर्षांतल्या चोवीस सभांपैकी निम्म्यांना हजेरी लागते," अर्ल स्टोफको म्हणाला. अठरा वर्षं तोच अध्यक्ष होता, तोही बिनविरोध. "तुझी शून्य."

"सभा चारला, माझी पाळी तीनला सुरू. येऊ कशी?"

"लोकशाहीसाठी थोडी झीज सोसावी लागते, व्हेरा."

सहाशे बारा सभासदांत या अटीत बसणारे अकरा निघाले. नऊ कार्यकारिणीतले, दहावा सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणारा आणि अकरावा व्हेराचा नवरा अँडी. त्याची पाळी सकाळची.

"मग तूच उभा राहा," कोबीच्या पानांत खिमा गुंडाळता गुंडाळता व्हेरा म्हणाली.

अँडी घाबरला. "मी तिथं कधी तोंड उघडलेलं नाही गं."

"खायला तरी उघडलंस ना?"

स्टोफको पुन्हा बिनविरोध निवडून आला, आणि युनियनच्या मुख्यालयानं व्हेराच्या तक्रारीला तोच नियम टाइप करून उत्तर धाडलं. तेव्हा तिनं सरकारच्या कामगार खात्याला लिहिलं. तपासनीस बाई घरीच आल्या आणि अँडीसमोर बसल्या.

"चोवीस सभांना गेलात. काय काय ठरलं?"

अँडीनं बराच विचार केला. "मार्चमध्ये सभेच्या खाण्यात हॅमऐवजी सॉसेज ठेवायचं ठरलं."

"आणखी?"

"कुणाला आवडलं नाही. एप्रिलपासून परत हॅम."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. कायद्याप्रमाणे उमेदवारीच्या अटी वाजवी हव्यात, आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना घरी बसवणारी अट वाजवी नव्हे, असा खात्याचा निकाल आला. ती अट वगळून निवडणूक पुन्हा घ्यायची ठरली.

"सरकार आमच्या घरात नाक खुपसतंय," असं म्हणत स्टोफको अठरा वर्षांत प्रथमच मतं मागायला दुसऱ्या पाळीवर आला. आत यायचं दार सापडेना, ते व्हेरानंच दाखवलं.

एकतीस मतांनी व्हेरा निवडून आली. दुसऱ्या पाळीसाठी तिनं सकाळी अकराची वेगळी सभा ठेवली. सात जणी आल्या.

"तू का नाही आलीस?" तिनं शेजारी बाटल्या भरणाऱ्या रोझालियाला विचारलं.

"कपडे धुवायचे होते. आणि आता तू आहेस की तिथं."

व्हेरा खोकी भरत राहिली. निम्म्या नकोत, पण उमेदवारानं वर्षाला तीन सभांना तरी यायला हवं, तिच्या मनात आलं. तीन म्हणजे काही फार नव्हे.